जीवाश्मप्रेमी मंडळे : गोळा करणे आणि नोंदणे

पक्षिनिरीक्षण, आकाशदर्शन, गिरिभ्रमण यांची मंडळे आपल्याकडे गावोगाव आहेत. जीवाश्म शोधणाऱ्यांची मंडळे त्यामानाने थोडी. जगात मात्र हा छंद जुना आहे. लंडनची जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन १८५८ साली स्थापन झाली, ती मुख्यतः हौशी मंडळींना भूविज्ञानाच्या अभ्यासात सामावून घेण्यासाठीच. आपल्या एखाद्या शिक्षकाने अशा मंडळात जायचे ठरवले, किंवा शाळेतच असे मंडळ काढले, तर ते स्वागतार्हच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीव स्वतःच्या हाताने खडकात ओळखणे, यासारखा विज्ञानाचा धडा पुस्तकात मिळत नाही.

पण मंडळ आणि मंडळ यांत फरक असतो. काही मंडळे दगड जमवतात, काही माहिती जमवतात. वरवर पाहता दोघांचे काम सारखेच दिसते. दोघांच्या पाठीवर पिशव्या असतात, हातात हातोडे असतात, आणि दोघांचा उत्साहही सारखाच असतो. पंचवीस-तीस वर्षांनी मात्र एकाच्या कपाटात धूळ खाणारे धोंडे उरतात आणि दुसऱ्याच्या वहीतून नवे संशोधन उभे राहते. या लेखात अशा मंडळांचे काम तपासून पाहावयाचे आहे. कसोटी एकच : त्यांनी काय गोळा केले यापेक्षा काय नोंदले?

घोरावाडीला काय सापडेल?

सुरुवात सोप्या वाटणाऱ्या उदाहरणाने करू. पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड मागे टाकले की बेगडेवाडी आणि मग घोरावाडी ही लहान स्थानके येतात. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या काळ्या कातळात बौद्ध लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतील एका लेण्यात आता शिवाचे मंदिर आहे. समजा, एका रविवारी जीवाश्मप्रेमींचे एक मंडळ शाळेतील वीस मुलांना घेऊन इथे आले. त्यांना काय सापडेल?

खरे उत्तर आहे : या कातळात जीवाश्म सापडणार नाहीत. मावळातील डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले, आणि आजही त्या खडकाने पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश व्यापलेला आहे. बाहेर पडताना लाव्हाचे तापमान हजार अंश सेल्सियसच्याही वर असते. त्यात सापडलेल्या प्राण्याचे काय होणार हे सांगायला नको. जीवाश्म तयार व्हायला बहुधा मऊ गाळ लागतो. गाळात शिंपला, हाड, पान पुरले जाते, गाळाचा दाब वाढत जातो, खनिजे झिरपतात, आणि सावकाश त्या अवशेषाचा दगड होतो. लाव्हाच्या थरात यातले काहीच घडत नाही.

असे असूनही या मंडळातील कोणाला तरी पहिल्या तासाभरातच ‘जीवाश्म’ सापडल्यासारखा वाटेल. कारण बेसाल्टमध्ये फसवणाऱ्या आकृत्या भरपूर असतात. खडकाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. ती मँगनीजच्या ऑक्साइडची असते, कोणत्याही वनस्पतीची नव्हे. थराच्या तळाशी बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या दिसतात. त्या झाडाच्या मुळांसारख्या किंवा किड्यांच्या बिळांसारख्या वाटतात. प्रत्यक्षात लाव्हातून वर चढलेल्या वायूच्या त्या वाटा असतात आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. लाव्हाच्या पृष्ठभागावर दोरखंडासारख्या वळ्या दिसतात, त्या अजगराच्या कातडीसारख्या भासतात. आणि मुरमात रुतलेले, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे तर डायनासोरच्या अंड्यांसारखेच दिसतात. खडकाला आडव्या-उभ्या भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते, चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी झिजतात आणि आतला भाग गोल होत जातो. एवढीच त्या ‘अंड्या’ची कथा आहे.

मंडळाची पहिली परीक्षा इथेच होते. मुलाने धावत येऊन हातातला गोल दगड दाखवला की मंडळातील जाणती व्यक्ती काय म्हणते? ‘व्वा, ठेव पिशवीत’ म्हणते, की ‘हा कसा झाला असेल, आजूबाजूला पाहू’ म्हणते? पहिल्या उत्तराने मूल खूश होते आणि चुकीची समजूत घेऊन घरी जाते. दुसऱ्या उत्तराने त्याला नकारही मिळतो आणि कारणही मिळते. २०२० साली तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात तळ्याच्या खोदकामात मोठे गोल दगड निघाले आणि ‘डायनासोरची अंडी सापडली’ अशी वार्ता झपाट्याने पसरली. भूवैज्ञानिकांनी जाऊन पाहिले तेव्हा ती अंडी नव्हती. पूर्वीच्या समुद्रतळावरच्या गाळात तयार झालेल्या त्या दगडी गाठी होत्या. तिथे निदान समुद्री जीवाश्मांचा प्रदेश तरी होता. मावळात तीही सबब नाही.

‘इथे जीवाश्म नाही’ हे वाक्य ज्या मंडळाला म्हणता येत नाही, त्याने ‘इथे जीवाश्म आहे’ असे म्हटले तरी त्यावर विसंबता येणार नाही.

मग महाराष्ट्रात जीवाश्म कुठे?

यावर कोणी विचारील की दख्खनच्या पठारावर जीवाश्म मुळीच नाहीत का? आहेत, पण लाव्हाच्या थरांत नाहीत, दोन थरांच्या मधे आहेत. लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत काही ठिकाणी हजारो वर्षांची विश्रांती मिळाली. खोलगट जागी तळी साचली, त्यांत गाळ बसला, गोगलगायी, मासे, बेडूक आले, काठाला झाडे वाढली. मग नव्या लाव्हाने सारे झाकून टाकले. या मधल्या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. ते मुख्यतः लाव्हाप्रदेशाच्या कडेकडेने आढळतात : पूर्वेला नागपूर, छिंदवाडा, जबलपूर या बाजूस आणि पश्चिमेला मुंबईत. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक जाड रचले गेले आहेत आणि दोहोंच्या मधे बहुतेक ठिकाणी फक्त विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. घाटातल्या रस्त्याच्या कापीव कडेला तो सहज ओळखू येतो.

याखेरीज नद्यांच्या काठचा, त्यामानाने अगदी अलीकडचा गाळ आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले आणि १९०५ साली पिलग्रिम यांनी त्यांची नोंद प्रसिद्ध केली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेल्या प्राचीन वृक्षांचे उद्यान आहे. म्हणजे मावळातल्या मंडळाला खरे जीवाश्म पाहायचे असतील तर प्रवास करावा लागेल, आणि कुठे जायचे हे ठरवायला खडकांचा नकाशा वाचावा लागेल. हा नकाशा न वाचता निघालेली सहल ही सहलच राहते.

मुंबईचे आणि नागपूरचे जुने हौशी

आपल्याकडे जीवाश्मांच्या शोधाला सुरुवात केली ती बहुतेक हौशी लोकांनीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत डॉक्टर आणि इतर अधिकारी यांचा एक लहान गोतावळा होता. नोकरी सांभाळून ते बेटावरचे खडक पाहत. वरळीच्या टेकडीखालच्या गाळाच्या थरात त्यांना लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. आज तो बेडूक ‘इंडोबॅट्राकस’ या नावाने ओळखला जातो. १८५२ साली हेन्री कार्टर या डॉक्टरांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी डॉ. लीथ यांच्या नावाने त्यांनी तिथल्या एका जीवाश्म कासवाचे नामकरण केले.

या कामाचे मोल कशात आहे? बेडूक सुंदर आहेत हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे हे की कोणता थर कशाच्या वर आणि कशाच्या खाली आहे, त्याचा रंग कसा, पोत कसा, हे कार्टर यांनी लिहून ठेवले. आज वरळीला इमारती उभ्या आहेत आणि त्या जागी पुन्हा खणून पाहण्याची सोय राहिलेली नाही. तरीही गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचा तो थर बेसाल्टच्या खाली होता हे आपल्याला माहीत आहे, कारण ते कोणीतरी लिहिले. नुसते बेडूक उचलून नेले असते तर आज ते कुठल्याही तळ्यातले, कुठल्याही काळातले ठरले असते.

नागपूरची कथा आणखी बोलकी आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोघे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. भूविज्ञान हा त्यांचा पेशा नव्हता. १८५१ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस टाकळीजवळ फिरताना त्यांना खडकात गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे शंख आढळले. ‘फायसा प्रिन्सेपी’ या नावाने हा शंख पुढे विदर्भातल्या भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा झाला. त्यानंतर दोघांनी शिस्तीने परिसर पिंजून काढला आणि नागपूर भागाची भूरचना व तेथील जीवाश्म यांवरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. शंख, मासे, बिया, कीटकांचे पंख, कोळशाच्या थरांतील पाने असा मोठा ऐवज त्यांनी आणि त्यांना मदत करणाऱ्यांनी मिळवला. मांगली येथे मिळालेल्या प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ या नावाने केले. हिस्लॉप यांचा शेवटही शोधाच्या वाटेवरच झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरी गावाजवळच्या पुराच्या ओढ्यात ते बुडाले.

हिस्लॉप यांच्या कामाचा एक धागा थेट आपल्या काळापर्यंत येतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. हिस्लॉप यांच्या वेळेपासून तिथून मोठ्या प्राण्यांची हाडे गोळा होत आली. तिथे आणखीही एक वस्तू विपुल मिळते, ती म्हणजे दगड झालेली विष्ठा. हाडाच्या शोधात आलेला हौशी माणूस तिच्याकडे वळूनही पाहणार नाही. पण २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या विष्ठेतून गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिका-कण वेगळे काढले. डायनासोर पृथ्वीवर असतानाच गवतही होते, असा त्याचा अर्थ. तोवर गवताचा उगम पुष्कळच नंतरचा मानला जात असे. विष्ठेचा हा गोळा कोणत्या गावच्या कोणत्या थरातला, हे पक्के माहीत होते म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला. कपाटात शोभून दिसेल तेवढेच उचलणाऱ्या मंडळाच्या हातून असा शोध कधीच लागणार नाही.

या जुन्या मंडळींचे दोषही सांगायला हवेत. उत्तम नमुने समुद्रापार गेले. नागपूरच्या शिक्षकाला आपल्याच गावच्या जीवाश्माचा मूळ नमुना पाहायचा तर लंडन गाठावे लागते. दुसरा दोष त्याहून मोठा वाटतो. खाणीत राबणारे, शेतात नांगरताना दगड बाजूला काढून ठेवणारे, वाट दाखवणारे जे स्थानिक लोक होते, त्यांची नावे या निबंधांत क्वचितच दिसतात. साहेबाच्या मित्राचे नाव कासवाला मिळाले, कासव खणून काढणाऱ्या मजुराचे नाव कुणी विचारले नाही. आजच्या मंडळाने जुन्यांची शिस्त घ्यावी, ही सवय घेऊ नये.

धार जिल्ह्यातील शिक्षक

हौशी मंडळाने आजच्या काळात काय करावे, याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात आहे. पवारांच्या संस्थानामुळे धार हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. २००७ च्या सुरुवातीस तिथे कुक्षी-बाग परिसरात डायनासोरची शंभरावर अंडी सापडल्याची बातमी देशभर आली. ती शोधणारे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. ‘मंगल पंचायतन परिषद’ या हौशी गटाचे ते सदस्य होते आणि त्यांतले विशाल वर्मा हे शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती वर्तमानपत्री नवलाईच राहिली असती. पण वर्मा यांनी काम सोडले नाही. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर २०१७ ते २०२० या काळात धार जिल्ह्यात शिस्तीने पाहणी झाली. २०२३ च्या जानेवारीत त्याचा निबंध ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. त्यात ९२ घरटी आणि एकूण २५६ अंडी यांची नोंद आहे. निबंधाच्या लेखकांत हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्याबरोबर शाळाशिक्षक वर्मा यांचेही नाव आहे. त्याआधी २०२२ साली याच भागातील पाडल्या गावच्या एका घरट्यातील अंड्यात दुसरे अंडे असल्याचे या मंडळींनी दाखवून दिले. असा प्रकार पक्ष्यांत आढळतो. डायनासोरमध्ये तो प्रथमच दिसला.

इथे शिक्षकांनी एक बारकावा पाहावा. २००७ ची बातमी अंड्यांच्या संख्येची होती. २०२३ चा निबंध घरट्यांचा आहे. एकेक अंडे उचलून आणले असते तर ‘इतकी अंडी मिळाली’ याहून अधिक काही कळले नसते. अंडी जागच्या जागी मोजली, एका घरट्यात किती, दोन घरट्यांत अंतर किती, ती कोणत्या थरात, हे लिहिले म्हणून पुढचे प्रश्न विचारता आले. घरटी एकमेकांच्या फार जवळ आहेत, म्हणजे हे प्राणी वसाहत करून अंडी घालत असावेत. इतक्या दाटीत अजस्र आई-बापांना वावरायला जागा नव्हती, म्हणजे अंडी घालून ते निघून जात असावेत. हे सारे तर्क अंड्यावरून आलेले नाहीत, दोन घरट्यांमधल्या अंतरावरून आलेले आहेत. आणि अंतर हे पिशवीत घालून आणता येत नाही. ते फक्त वहीत लिहून आणता येते.

या उदाहरणाला एक अवघड बाजूही आहे. जागा जाहीर झाली की अभ्यासकांच्या पाठोपाठ हौसे-नवसे आणि विकणारेही पोहोचतात. २०११ साली बाग परिसरातील थोड्या क्षेत्राला डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण जीवाश्म उद्यानाच्या कुंपणापुरते नसतात, ते शेतात आणि ओढ्यातही असतात. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला तो २०२२ साली. तेव्हा राखणदारीचा भार मुख्यतः स्थानिक लोकांवरच पडतो. २०२३ च्या अखेरीस बातम्या आल्या की पाडल्या भागातील काही कुटुंबे असे गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून शेताच्या रक्षणासाठी पूजत होती. शहरी वाचकाने यावर हसण्याचे कारण नाही. पूजेमुळे ते दगड फुटले नाहीत आणि विकले गेले नाहीत. गावकऱ्याला त्याच्या दैवताची टिंगल न करता दगडाची कथा सांगणे आणि त्याला जतनाच्या कामात जोडून घेणे, हे चांगल्या मंडळाचे काम आहे.

चिठ्ठी हरवलेला दगड

नोंद नसेल तर काय होते? यासाठी आपल्या भूविज्ञानातील एक कडू प्रकरण आठवावे. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील जीवाश्मांवर अनेक वर्षे शेकडो निबंध लिहिले होते. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की त्यांतले पुष्कळ नमुने हिमालयातले नव्हतेच. काही मोरोक्कोत विकत मिळणाऱ्या जीवाश्मांसारखे होते, काही अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या नमुन्यांसारखे. दगड खरे होते, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या खोट्या होत्या. परिणाम असा की हिमालयाच्या भूरचनेबद्दलची कितीतरी माहिती संशयास्पद ठरली आणि प्रामाणिक सहलेखकांनाही त्याचा ताप झाला.

हे टोकाचे उदाहरण झाले. खोटेपणा नसतानाही तोच परिणाम होऊ शकतो, आणि त्याचे उदाहरण घोरावाडीच्या रेल्वेमार्गावरच आहे. एकोणिसाव्या शतकात भोर घाटातून लोहमार्ग काढताना (तो १८६३ साली पुरा झाला) बेसाल्टच्या पोकळ्यांतून झिओलाइट आणि अन्य खनिजांचे अप्रतिम स्फटिक निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतील निळ्याभोर कॅव्हेन्साइटलाही पुढे जगभर गिऱ्हाईक मिळाले. पण अशा कितीतरी जुन्या-नव्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर फक्त ‘पूना’ एवढेच लिहिलेले असते. पुण्याजवळच्या कोणत्या खाणीतला, कोणत्या थरातला, पोकळीच्या तळाशी कोणते खनिज होते आणि त्यावर कोणते वाढले होते, काही नाही. स्फटिक डोळ्यांना सुखावतो, पण तो कसा घडला हे सांगण्याची त्याची शक्ती गेलेली असते. जीवाश्मप्रेमी मंडळे याच वाटेने गेली तर त्यांच्या कपाटांचेही तेच होईल.

शाळांच्या प्रदर्शनांचा दोष

या बाबतीत सारा दोष मंडळांना देऊन चालणार नाही. आपली विज्ञान प्रदर्शने मुलांना गोळा करायलाच शिकवतात. टेबलावर मांडता येईल ते बक्षिसाला पात्र ठरते. मोठा, चकचकीत, विचित्र दगड असेल तर परीक्षक थांबतात. ‘आम्ही तीन रविवार एकाच डोंगरावर गेलो आणि तिथे जीवाश्म का नाहीत हे शोधले’ असा तक्ता लावणाऱ्या मुलीसमोर किती परीक्षक थांबतील? खरे तर तिचेच काम अधिक अवघड आहे.

पाठ्यपुस्तकांच्या अध्यापनातही हीच त्रुटी राहते. जीवाश्म म्हणजे काय, याची व्याख्या मुले पाठ करतात. प्रयोगशाळेत प्लास्टरचा अमोनाइट पाहतात. पण ‘आपल्या गावच्या खडकात जीवाश्म मिळतील का, आणि का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मावळातल्या, सातारच्या, नाशिकच्या बहुतेक गावांत त्याचे उत्तर नकारार्थी येईल. नागपूरच्या मुलांचे उत्तर वेगळे येईल, सिरोंच्याच्या मुलांचे आणखी वेगळे. एकच प्रश्न, आणि उत्तर गावागणिक बदलते. शिक्षकाला याहून चांगला प्रश्न कोणता हवा?

मंडळात जाण्यापूर्वी

तेव्हा एखाद्या मंडळात सामील होण्यापूर्वी शिक्षकाने काही गोष्टी शांतपणे पाहाव्यात. मंडळाची वही मागून बघावी. तिच्यात तारीख, गाव, थराचे रेखाचित्र, खालचा-वरचा खडक, नमुन्याचा क्रमांक हे असते का? न उचललेल्या वस्तूंचीही नोंद असते का? ‘काही मिळाले नाही’ असे लिहिलेले एकही पान नसेल तर संशय घ्यावा, कारण रोज काहीतरी मिळणारी जागा पृथ्वीवर नाही. मंडळाचा एखाद्या महाविद्यालयाशी, विद्यापीठाशी किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या संस्थेशी संपर्क आहे का? महत्त्वाचे काही दिसले तर ते हातोडा आधी काढतात की छायाचित्र आणि माप आधी घेतात? जमीनमालकाची परवानगी घेतात का? नेमकी जागा संस्थेला कळवतात की वर्तमानपत्राला? नमुने विकले जातात का? आणि शोधात वाटा असलेल्या विद्यार्थ्याचे, गुराख्याचे, खाणकामगाराचे नाव लिहिले जाते का?

हे प्रश्न विचारल्याने मंडळातले कोणी नाराज झाले, तर त्यातच उत्तर आले. जे मंडळ आनंदाने वही पुढे करील त्यात खुशाल जावे, आणि पहिल्या वर्षी काहीही न उचलता फक्त लिहावे.

आता पुन्हा घोरावाडीच्या त्या वीस मुलांकडे येऊ. त्यांना रिकाम्या हाताने परत यावे लागेल का? मुळीच नाही. लेणी आणि देवस्थान यांच्या भिंतींना हात न लावता डोंगराची चढण चढताना लाव्हाचे किती थर दिसतात ते मोजता येईल. बुडबुड्यांच्या पोकळ्या थराच्या माथ्याकडे अधिक आहेत की मधे, ते पाहता येईल. तांबडा पट्टा दिसला तर त्याची जाडी मोजता येईल, आणि तो विटेसारखा का भाजला गेला असेल याचा तर्क करता येईल. गोल धोंड्यांचे पापुद्रे मोजून, एकाच जागी चौकोनी ठोकळ्यापासून गोळ्यापर्यंतच्या सर्व अवस्था शोधता येतील. त्या सापडल्या की ‘डायनासोरच्या अंड्या’चा प्रश्न मुलेच निकालात काढतील. हीच मुले पुढे कधी टाकळी, पिसदुरा किंवा धारच्या बाजूला गेली, तर खरा जीवाश्म समोर आल्यावर त्यांचा हात आधी हातोड्याकडे जाणार नाही, पेन्सिलीकडे जाईल.